गांजा आणि गांजलेले

वाशिम दोनदा जिल्हा झाला. पहिल्यांदा इंग्रजी अमलात. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशा दिवसांत ‘बासिम’ या नावाने तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला. दुसऱ्यांदा १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातूनच वेगळा होऊन. पहिल्या जिल्ह्याच्या काळात वऱ्हाडात गांजा परवान्याच्या दुकानात मिळे आणि त्यावरचा कर सरकारी तिजोरीत जमा होई. दुसऱ्या जिल्ह्यात तोच गांजा खिशात सापडला तर माणूस कोठडीत जातो. माती तीच काळी, गावे तीच, झाडही तेच. मग बदलले काय? हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाचे स्वागत या एका प्रश्नाने करावे असे मला वाटते, कारण गांजा कायदेशीर करावा की नाही या वादाचा अभ्यास आपल्यासाठी इथूनच सुरू होतो.

अभ्यास हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे या विषयाला दोनच जागा मिळाल्या आहेत, एक थट्टेची आणि दुसरी पोलीस ठाण्याची. होळीला भांग चढलेल्या पाहुण्याचे किस्से वर्षानुवर्षे रंगवून सांगितले जातात. गावात एखादा ओढणारा असतोच आणि त्याच्याविषयी विचारले की ‘त्याले काय विचारता, तो तं चिलमीतच असते’ असे हसत उत्तर मिळते. मग एखाद्या सकाळी पेपरात तुरीच्या शेतातून गांजाची झाडे जप्त झाल्याची बातमी येते. फोटोत मध्ये झाडांची मोळी, एका बाजूला तोंडावर रुमाल बांधलेला माणूस आणि भोवती ताठ उभे पोलीस. हसू आणि फौजदार यांच्या मधल्या जागेत वही घेऊन बसलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो. ही प्रस्तावना त्या माणसासाठी आहे. तो कायद्याचा विद्यार्थी असेल, व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक असेल, शेतकऱ्याचा मुलगा असेल किंवा बदली होऊन नुकताच आलेला फौजदारही असेल. कोणीही असो, बसायला जागा आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. एकाच झाडाची ती तीन रूपे आहेत. पाने वाटली की भांग, मादी झाडाचा फुलोरा वाळवला की गांजा, आणि फुलोऱ्यावरची राळ गोळा केली की चरस. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. पपई लावणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फळासाठी नर झाडे कमी करायची असतात हे त्याला ठाऊक असते. गांजातही नर झाडे वेळेत उपटून टाकतात, पण फळ धरू नये म्हणून. बी न धरलेली मादी राळेने भरते आणि नशा त्या राळेत असते. हिरव्या झाडापासून गावातल्या चिलमीपर्यंतचा प्रवास मग सोपा आहे: मातीची चिलीम, तिच्या घशात बसवलेला खडा, बुडाशी गुंडाळलेली ओली साफी आणि हातोहात फिरणारा निखारा.

आपल्या भाषेत या झाडाला प्रतिष्ठा आणि बदनामी दोन्ही मिळाल्या. वैद्यांनी त्याला ‘विजया’ म्हटले. लोकांनी ‘भांगेत तुळस’ म्हणताना भांगेला वाईट घराण्याची खूण करून टाकले. आणि ‘गांजणे’ असे एक क्रियापद आपल्याकडे आहेच. गांजा आणि गांजलेले यांचे कूळ एक आहे असा माझा दावा नाही. या शब्दांचे नशीब मात्र एकमेकांत गुंतले आहे आणि कसे गुंतले, हेच पुढे सांगायचे आहे.

कायदा या झाडाकडे कसाबासारखा पाहतो. एकेक अवयव वेगळा काढतो. ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्या १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर आलेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यासोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तरेत काही ठिकाणी भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात, आणि महाराष्ट्रात भांगेचा निर्णय राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या हाती राहतो. एकाच फांदीवरचे पान एका कायद्याच्या ताब्यात आणि त्याच्या वरचा शेंडा दुसऱ्याच्या. ही विचित्र वाटणी आकाशातून पडलेली नाही. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अंमली पदार्थांविषयीचा करार झाला, तेव्हा भांगेची परंपरा असलेल्या भारताने पाने-बिया बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला. बाकीची परंपरा मात्र पंचवीस वर्षांत संपवण्याचे कबूल केले. ती मुदत भरत आली तेव्हा, १९८५ साली, राजीव गांधींच्या सरकारने हा कायदा फारशी चर्चा न होता संसदेतून मंजूर करून घेतला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे.

त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, याच प्रश्नावर या देशात एक प्रचंड चौकशी झाली होती. नव्या अभ्यासकाने सर्वांत आधी जिथे जावे असे ठिकाण तेच. ब्रिटिश पार्लमेंटात मद्यपानविरोधी खासदारांनी हिंदुस्थानातील गांजाबद्दल प्रश्न विचारला आणि जुलै १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. कमिशनने देशभर सत्तर प्रश्नांची यादी पाठवली आणि १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले. त्यांत सिव्हिल सर्जन होते, तहसीलदार होते, वैद्य-हकीम, जमीनदार, मिशनरी, अबकारी अंमलदार होते. साक्षींच्या खंडांत वऱ्हाडचा विभाग स्वतंत्र आहे. वाशिम तेव्हा त्याच वऱ्हाडातला जिल्हा होता. आपल्या मुलखाचे म्हणणे त्या पानांत इंग्रजीत अडकून पडले आहे आणि ते मराठीत आणणे हे या क्षेत्रातले बाकी राहिलेले पहिले काम आहे.

कमिशनने केलेले सर्वांत धारदार काम वेड्यांच्या इस्पितळांतले होते. गांजाने वेड लागते ही समजूत तेव्हा डॉक्टरांतही पक्की होती, कारण इस्पितळांच्या आकड्यांत तसेच दिसे. कमिशनने आकड्यांवर विश्वास न ठेवता नोंदवह्या मागवल्या. मग उलगडा झाला. रस्त्यावर भटकणारा, नाव-गाव न सांगणारा माणूस पोलीस इस्पितळात आणून सोडत. फॉर्मवर ‘वेडाचे कारण’ असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. माणूस फकिरासारखा दिसतो, मग लिहा गांजा. तोच रकाना वर्षाअखेरीस तक्त्यात जाई, तक्ता अहवालात जाई आणि अहवालावरून पुढचा डॉक्टर शिकून तयार होई. १८९२ सालातील जी २२२ प्रकरणे गांजा-भांगेच्या नावावर होती, त्यांची एकेक फाइल उघडल्यावर जेमतेम ९८ प्रकरणांत तसे म्हणता येईल, असा निष्कर्ष निघाला. त्यांतही काही ठिकाणी इतर कारणे मिसळलेली होती. ज्याला संशोधन म्हणजे काय हे एका उदाहरणात शिकायचे असेल त्याने तो रकाना लक्षात ठेवावा. आजही पोलिसी आणि सरकारी कागदांत असे रकाने असतात.

१८९४ च्या या अहवालाचा निष्कर्ष थोडक्यात असा: माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही, लागवडीवर नियंत्रण, दुकानांची मोजकी संख्या, जवळ बाळगण्याला मर्यादा आणि पुरेसा कर हा मार्ग बरा.

गांजा कायदेशीर व्हावा असे म्हणणारे हा अहवाल झेंड्यासारखा फडकवतात. मी नव्या वाचकाला थोडे थांबायला सांगेन. एक तर चौकशी करणाऱ्या सरकारलाच गांजाच्या करातून उत्पन्न होते. दुकानदाराने आपल्या मालाला प्रमाणपत्र द्यावे असा हा प्रकार आहे, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दुसरे, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सभासदांनी वेगळी मते नोंदवली आणि ती अधिक कडक धोरणाच्या बाजूची होती. म्हणजे ‘गोऱ्यांनी बंदी लादली, आपली संस्कृती सैल होती’ ही सोपी गोष्ट कागद उघडताच मोडते. इतिहासकार जेम्स मिल्स यांनी ‘कॅनबिस ब्रिटॅनिका’ (२००३) या ग्रंथात या कमिशनमागचे राजकारण उलगडून दाखवले आहे. तरीही एक गोष्ट उरते. त्या सरकारने निर्णयाआधी विचारले. १९८५ साली आपल्याच सरकारने, आपल्याच गावांना, तेवढेही विचारले नाही.

आता तुरीच्या शेताकडे येऊ. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि रान उघडे पडते. उभी राहते ती आंतरपीक म्हणून पेरलेली तूर. दिवस लहान होऊ लागले की तूर फुलावर येते. गांजाचे झाडही तसेच, रात्री वाढल्या की फुलोरा धरते. दोघांची उंची माणसाच्या डोक्याइतकी, दोघांचा हंगाम एक. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या जप्तीच्या बातम्यांत तूर वारंवार येते. खबर मिळते, पथक येते, दोन पंच बोलावले जातात. झाडे मुळासकट उपटली जातात, मुळाची माती झटकली जाते किंवा झटकली जात नाही, मोळ्या गोणपाटात बांधून काट्यावर चढतात. ओले खोड, फांद्या, पाने, शेंडे, सगळे मिळून एक आकडा पंचनाम्यात उतरतो.

तो आकडा माणसाचे आयुष्य ठरवू शकतो. गांजासाठी एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि वीस किलोंच्या वरचे ‘व्यापारी’ मानले जाते. अल्प प्रमाणाला वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. शिवाय व्यापारी प्रमाण लागले की कलम ३७ आडवे येते आणि आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याखेरीज जामीन होत नाही. व्याख्येत फक्त शेंडे असताना काट्यावर खोड का, हा साधा प्रश्न वकिलांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने काही जामीनअर्जांत पाने, बिया, काड्यांसह केलेल्या वजनाबद्दल शंका घेऊन आरोपींना सोडले. लागवडीचे कलम तर प्रमाण मोजतच नाही. बांधावरचे एक झाड असो की एकरभर पीक, दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि लाखापर्यंतचा दंड दोघांना सारखाच संभवतो.

इथे एक तपशील बहुतेकांना ठाऊक नसतो. १९८५ च्या मूळ कायद्यात गांजासाठी कमाल शिक्षा पाच वर्षे होती. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणानुसार लावायची पद्धत आणली. सेवन करणारा आणि तस्कर वेगळा करायचा, हा तिचा चांगला हेतू होता. पण त्याच दुरुस्तीने वीस किलोवरच्या गांजाची शिक्षा पाचावरून किमान दहा वर्षांवर गेली. वीस किलोच्या पुढच्या रांगेत पहिला कोण उभा असतो? आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतून येणाऱ्या मालाच्या पिशव्या नेणारा हमाल, गाडीचा चालक, ज्याच्या सातबाऱ्यावर झाडे सापडली तो. मालाचा मालक पंचनाम्याला हजर नसतो.

याच कायद्याचे कलम ४६ जमीनधारकावर, आणि कलम ४७ सरपंच, पंच व गावच्या इतर अधिकाऱ्यांवर, बेकायदा लागवडीची खबर तातडीने देण्याचे कर्तव्य टाकते. म्हणजे कागदावर आख्खे गाव खबरी आहे. गावकी कशी चालते हे माहीत असलेल्याला याचा अर्थ सांगायला नको. बांधाचा वाद आणि खबरीवरून आलेले पथक यांच्यात काही नाते असते का, हा क्षेत्रअभ्यासाचा विषय आहे आणि तो कोणी हाती घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

शहरातले चित्र अधिक स्पष्ट आहे, कारण तिथे कोणीतरी मोजले. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ या वर्षांची प्रकरणे तपासली. जवळपास सगळी प्रकरणे स्वतः सेवन करणाऱ्यांची होती, आणि त्यांत बहुतांश गांजाची. अनेकांनी गुन्हा कबूल करून दंड भरला आणि ते बाहेर पडले. सुटले असे वाटते, पण दोषसिद्धीची नोंद मागे राहते, पोलीस पडताळणी मागणाऱ्या नोकरीच्या दारात ती भेटते. उंच इमारतीच्या गच्चीवर ओढणारा पकडला जात नाही. फूटपाथवर, पुलाखाली ओढणारा पकडला जातो. गांजाचा कायदा गांजलेल्यांवर पडतो असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरे मोजमाप राष्ट्रीय आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी, आणि भांग-गांजा-चरस घेणारे तीन कोटींच्या थोडे वर. त्यांतही परवान्याने चालू शकणारी भांग घेणारे जास्त. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले पावणेसहा कोटींच्या आसपास, भांग-गांजासाठी सुमारे बहात्तर लाख. दारूचे देशी दुकान परवाना भिंतीवर लावून तालुक्याच्या गावात उजळ माथ्याने उभे आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद ४७ मादक पेये आणि मादक द्रव्ये यांना एकाच वाक्यात बसवते, औषधी वापराचा अपवाद करून. आपण त्या वाक्याचा अर्धा भाग महसुलाला दिला आणि उरलेला अर्धा फौजदाराला.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मग झाले, उघडा दुकाने. थांबा. या क्षेत्रात येणाऱ्याने समोरच्या बाजूचे म्हणणे त्याच्या सर्वांत ताकदवान रूपात ऐकावे, आणि ते ऐकायला आपल्याला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. गाडगेबाबांनी खराट्याबरोबर व्यसनावर शब्दांचे फटकारे चालवले ते याच मुलखात. तुकडोजी महाराजांनी गाव घडवण्याच्या कल्पनेत व्यसनमुक्तीला मोठे स्थान दिले. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला देशभरातून येणाऱ्या बंजारा भाविकांना सेवालाल महाराजांची शिकवण आठवते ती नशेपासून दूर राहण्याची. ही परंपरा इंग्रजांकडून किंवा संयुक्त राष्ट्रांकडून आलेली नाही. नशेची किंमत घरातल्या बाईच्या पाठीवर आणि चुलीवर मोजली जाते, या अनुभवातून ती आली.

त्या अनुभवाचा सर्वांत जिवंत अध्याय विदर्भातल्याच चंद्रपूरचा. पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो बायांनी लढा दिला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बेकायदा दारू आणि गुन्हे वाढल्याचे कारण दिले. त्या निर्णयाला कडाडून विरोध करणाऱ्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग होते. १९९३ पासून बंदी असलेल्या गडचिरोलीत नुसती बंदी न ठेवता गावसंघटना, उपचार आणि अंमलबजावणी यांची ‘मुक्तिपथ’सारखी जोड दिली तर फरक पडतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे विदर्भ ही बंदीची प्रयोगशाळाच आहे: वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर, तीन जिल्हे, तीन कहाण्या. गांजावर लिहिणाऱ्याने या तिन्ही वाचल्याशिवाय गांजा खुला करणाऱ्या अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे उदाहरण देऊ नये, असा एक नियम मी मनाशी केला आहे.

वैद्यकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गांजाने काही होत नाही, हे खोटे आहे. घेणाऱ्यांतल्या साधारण दहातल्या एकाला त्याचे व्यसन जडते. कोवळ्या वयात, रोज आणि जास्त तीव्रतेचा गांजा घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांनी पुढे आणले आहे. १८९४ सालच्या चिलमीवरून आजच्या तीव्र वाणांचा निकाल लावता येत नाही. त्याच वेळी, याच झाडातल्या कॅनाबिडिऑलपासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली बालवयातल्या दुर्मीळ अपस्मारासाठी मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढले. सत्तावीस विरुद्ध पंचवीस अशा निसटत्या मतदानात भारताने बाजूने मत दिले. व्हिएन्नात आपण हात वर केला. पोलीस ठाण्यातल्या काट्यात मात्र काही फरक पडला नाही.

आता शेतकऱ्याचे स्वप्न. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वाशिम होता. २०१८ साली निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आला. सोयाबीनचा भाव पडला की पारावर कोणीतरी म्हणतोच, ‘याच्यापेक्षा गांजा लावलेला बरा.’ २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तर दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. मला तो अर्ज म्हणजे हमीभावावरचे नेमके टिपण वाटले.

पण गांजलेल्याला गांजा तारेल, या आशेपासून मी विद्यार्थ्याला सावध करीन. गांजाचा भाव बंदीमुळे चढलेला आहे. त्यात माल किती आणि पकडले जाण्याची भीती किती, हे वेगळे काढता येते. बंदी गेली की भीतीची किंमत उतरते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी विक्री खुली केली, त्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या काचघरांत माल इतका पिकला की भाव कोसळले. कापसात बियाणे, भाव आणि धोका कोणाकोणाच्या हातात गेले हे पाहिलेल्या वऱ्हाडाने हे ओळखावे. ज्यात नशा नगण्य असते अशा तागासारख्या वाणाचा मार्ग वेगळा आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून त्याला वाट दिली, झाडातले नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असण्याच्या अटीवर. त्याच्या बिया आणि तेल यांना अन्न म्हणून २०२१ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली. पण कोरडवाहू वाशिमात त्याला पाणी किती लागेल, धागा सोलणार कोण, कारखाना कुठे, आणि ०.३ ची रेघ उन्हाने ओलांडली तर पीक कोणाच्या नावावर जळेल, या प्रश्नांची उत्तरे घोषणेत नसतात. ती कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शोधावी लागतील.

म्हणून ‘गांजा कायदेशीर करा’ ही एक मागणी नाही, तिच्या पोटात चार आहेत, आणि त्या वेगळ्या केल्या की बराच कोलाहल शमतो. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकावे का? झाड लावणाऱ्याला कोणती शिक्षा असावी? औषध आणि संशोधन यांना वाट मिळावी का? आणि खुली विक्री असावी का? पोर्तुगालने २००१ साली पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे दिले आणि चौथ्याला हात लावला नाही. जर्मनीने २०२४ साली घरच्या काही झाडांना आणि सभासदांच्या मंडळांना मुभा दिली, दुकाने उघडली नाहीत. थायलंडने २०२२ साली एकदम दार उघडले आणि तीन वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून ते निम्मे ओढून घेतले.

माझी बाजू लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिल्या प्रश्नात मला शंका उरलेली नाही: स्वतः ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवून समाजाचे काही भले झाल्याचे मला दिसलेले नाही आणि नुकसान दिसते. ज्याला मदत हवी त्याला उपचार द्यावा. कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये उपचाराच्या बदल्यात खटल्यातून सूट आहेच, ती अपवाद म्हणून न ठेवता नियम करावी. दुसऱ्यात, बांधावरचे एक झाड आणि तस्कराचे रान कायद्याने वेगळे ओळखावे आणि काट्यावर फक्त शेंडेच चढावेत. तिसऱ्यात, घटनेने दिलेली औषधाची वाट मोकळी करावी. चौथ्यात मी सावकाश चालणारा आहे. ज्या राज्याला देशी दारूचा परवाना देताना गावातल्या बाईचा आवाज ऐकू येत नाही, त्याच्या हाती आणखी एक महसूल देताना माझा हात थबकतो. १८९४ च्या कमिशनची मर्यादित दुकाने, मर्यादित प्रमाण आणि पुरेसा कर ही चौकट त्यासाठी वाईट नाही, पण तिच्यात ग्रामसभेतल्या बायांच्या मताची जागा नव्हती. ती आधी करावी लागेल. वाचकाचे उत्तर माझ्याहून निराळे असले तर हे पुस्तक त्याच्यासाठी अधिकच उपयोगाचे आहे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. कमिशनचे ते सत्तर प्रश्न आजही वाचनीय आहेत: कोणत्या थरातले लोक घेतात, एकट्याने की मेळ्याने, कोणत्या सणाला, सवय लागते का, गाव त्यांच्याकडे कसे पाहते. ते वऱ्हाडीत आणा, आणि रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा तालुक्यातालुक्यांत ते वहीत घेऊन फिरा. नावे लिहू नका. ज्या कायद्यात गाव खबरी आहे तिथे तुमची वहीसुद्धा पुरावा होऊ शकते. आणि ‘तुम्ही ओढता काय?’ हा प्रश्न पहिला टाकू नका, तो ठाण्यातला प्रश्न आहे. पारावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, चहा येऊ द्या आणि विचारा, ‘बाबा, तुमच्या आज्याच्या वक्ती हे कोठी मिळे?’ मग पेन हातात ठेवा, आणि त्याला बोलू द्या.